'बेसिक आहे' म्हणणाऱ्यांसाठी

"पॉट ऑड्स? ते बेसिक आहे रे!" मित्र असं म्हणाला की माझी सटकते. कारण सहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर' दोन रात्रींत उरकलं, सूत्र पाठ केलं, पुस्तक मिटलं. सबमिशनची सवय, दुसरं काय!

सूत्र सोपंच आहे. पॉटमध्ये १०० चिप्स, समोरच्याने ५० लावल्या. १५० जिंकायला मला ५० मोजायच्या, म्हणजे चारदा खेळून एकदा जिंकलो तरी बरोबरी. हातात बदामाची दोन पानं, टेबलावर दोन. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम. पुढचं पान बदाम येण्याची शक्यता १९ टक्के, हवेत २५. सोडा डाव. संपलं गणित.

यंदा पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, गणित इथे सुरू होतं. बदाम आल्यावर समोरच्याकडून पुढे सरासरी साठेक चिप्स निघणार असतील, तर १९ टक्केही पुरतात. पण माझ्याकडे बदामाची पंजी-सत्ती आणि त्याच्याकडे बदामाचीच मोठी दोन पानं असतील, तर? मग बदाम येणं हेच माझं नुकसान. जी पानं मी 'माझी' म्हणून मोजत होतो, ती माझी नव्हतीच.

आणि पॉटमध्ये मी आधी टाकलेल्या चिप्स? त्याही आता माझ्या नाहीत. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचून पुढे गेलो होतो. मग दोन वर्षं एका साइड प्रोजेक्टवर रात्री जाळल्या, केवळ 'एवढं केलंय, आता कसं सोडू' म्हणून. सूत्र पाठ होतं, कळलं नव्हतं.

"आता सॉल्व्हर आहेत, जुनी पुस्तकं कशाला?" मान्य, त्यातले बरेच डाव आज फारसे कोणी खेळत नाही. सॉल्व्हरचं उत्तर माझ्यापेक्षा अचूक असतं, हेही मान्य. पण समोरच्याकडे कोणती पानं असू शकतात, हे त्याला आपणच सांगतो. तिथे चुकलो, तर चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर मिळतं. तो प्रश्न नीट मांडायला हेच 'बेसिक' लागतं.

तेव्हा मित्रा, पॉट ऑड्स येतात म्हणतोस ना? मग सांग, तुझ्या ९ बदामांतले खरे तुझे किती?