मायेला चारा लागतो : वऱ्हाडातील जनावरे, त्यांची निगा आणि दोन सोयीस्कर कथा

१/ श्रावण अमावास्या जवळ आली की दोन प्रकारचे मजकूर फिरू लागतात. पहिला म्हणतो : आपले पूर्वज बैलाला देव मानीत, आजची पिढी मात्र कुत्र्यामांजरांचे लाड करते. दुसरा म्हणतो : प्राण्यांचे लाड हे शहरी खूळ आहे, आपल्या पूर्वजांना बैल म्हणजे केवळ औताचे साधन होते. हा धागा या दोन्ही मतांच्या विरोधात आहे.

२/ माझे प्रतिपादन थोडक्यात असे. अमरावती-अकोल्याच्या या पट्ट्यात जनावराची निगा ही पिढ्यांनी जमवलेली विद्या होती. ती चाऱ्यावर उभी होती. ज्यांच्या हातांत ती होती, त्यांची नावे आपल्या पोळ्याच्या छायाचित्रांत क्वचितच असतात. चारा कोणी हिरावला आणि हात कोणाचे होते, हे वगळून सांगितलेला 'प्रेमाचा इतिहास' खोटा आहे.

३/ प्रथम विद्येविषयी. वऱ्हाडी बोलीतील गोठ्याचे शब्द पाहा : कडबा, कुटार, सरकी, ढेप, कोंडा, चुनी, आंबोण. हे सगळे 'चारा' या एका शब्दात कोंबता येत नाहीत. कडबा ज्वारीचा, कुटार तूर-हरभऱ्याचे. ढेप म्हणजे सरकीचे तेल काढल्यावर उरलेला चोथा, ज्याला पश्चिम महाराष्ट्र पेंड म्हणतो. आंबोण म्हणजे भिजवून दिलेला खुराक.

४/ कोणाला काय द्यायचे, याचे नियम होते. वखरणीला आणि पेरणीला जुंपलेल्या बैलाला नुसत्या कडब्यावर ठेवीत नसत, त्याला भिजवलेली सरकी किंवा ढेप लागे. दुभत्या म्हशीचा खुराक वेगळा, भाकड गाईचा वेगळा. काम नसलेल्या महिन्यांत खुराक कमी होई. आज लॅब्राडॉरला किती भात द्यावा आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दही द्यावे का, अशी चर्चा अकोल्यातले तरुण करतात, तेव्हा ते याच जातीचे प्रश्न विचारत असतात.

५/ पोळ्याच्या आदल्या दिवसाचा विधी घ्या : खांदशेकणी, म्हणजेच खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद लावतात, पळसाच्या पानाने खांदा शेकतात. हा दिवस येतो केव्हा? पावसाळ्यातील पेरणी आणि डवरणी यांचा जोर ओसरल्यावर. तोवर जुवाखाली खांदा घासलेला, सुजलेला असतो. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपायचे नाही, हा दंडकही त्याच उपचाराचा भाग. सणाच्या वेष्टनात गुंडाळलेली ही शुश्रूषा आहे.

६/ म्हणून 'बैल म्हणजे साधन' ही कथा टिकत नाही. साधनाला नाव ठेवीत नाहीत. साधनाला आदल्या दिवशी जेवणाचे आवतण देत नाहीत. उपयोग आणि जीव लावणे या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात, हे गृहीतकच चुकीचे आहे. ज्याच्या खांद्यावर वर्षाची भाकर अवलंबून असते, त्याच्या खांद्याकडे माणूस अधिक काळजीने पाहतो.

७/ 'बैल कामाचा होता, तुमचा कुत्रा बसून खातो', हा आक्षेपही नेहमीचा. शेतावर जागलीला जाणाऱ्याबरोबर कुत्रा असे, रानडुकरांची चाहूल त्यालाच आधी लागे. धान्याच्या घरात मांजर असे, ते उंदरांसाठी. त्यांना घरची भाकर मिळे. काम बदलले म्हणून नाते बनावट ठरत नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाला सोबत करणे हेही कामच आहे.

८/ आता पहिल्या कथेकडे : 'पूर्वज सगळे प्राणिप्रेमी होते.' येथे पुरावा वाचण्याची एक साधी शिस्त लागते. उपदेश हा आचाराचा पुरावा नसतो. बहुधा तो आचार नसल्याचाच पुरावा असतो.

९/ अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ते या परंपरेतच. त्यात सशाची लीळा प्रसिद्ध आहे : शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो आणि स्वामी त्याला वाचवतात. मराठी गद्याच्या आरंभीच मुक्या जिवाला अभय देण्याचा प्रसंग आहे, याचा आनंद जरूर मानावा.

१०/ पण त्याच लीळेत शिकारी आहेत, त्यांचे कुत्रे आहेत आणि ससा मागण्याचा त्यांचा हक्क त्यांना स्वाभाविक वाटतो आहे. प्रसंग स्मरणीय ठरला, कारण तो नेहमीचा नव्हता. 'तेराव्या शतकात महाराष्ट्र अहिंसक होता', असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे औषधाची बाटली पाहून घरात कोणी आजारी नव्हते असे म्हणण्यासारखे आहे.

११/ हीच शिस्त गाडगेबाबांना लावा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, आजचा अंजनगाव सुर्जी तालुका. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे, आणि काम गुरे राखण्याचे. पुढे ते आयुष्यभर जत्रांतील पशुबळीविरुद्ध बोलत राहिले. इतके बोलावे लागले, कारण बळी सर्रास दिले जात होते, आणि देणारे आपलेच पूर्वज होते.

१२/ गाडगेबाबांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. जनावरांची विद्या कोणाकडे होती? गुराख्याकडे. परीट कुटुंबातील हा मुलगा मामांची गुरे चारत होता. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली, हे त्याने पाहिले. कर्जाची आणि गोठ्याची गोष्ट एकच आहे, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मूर्तिजापूरला पुढे गोरक्षणाचे काम उभे राहिले, त्यामागे हा अनुभव होता.

१३/ पोळ्याच्या तोरणाखाली मानाची जोडी पाटलाची. पण वर्षभर गव्हाणीत कडबा टाकणारे हात सालदाराचे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला हा माणूस पहाटे बैलाच्या आधी उठे. सकाळी गावची गुरे आखरावर गोळा करून रानात नेणारा ढोरकी वेगळा. शेण काढणे, पाणी भरणे हे बहुतेक घरांत बायकांकडे. कोणता बैल आज खात नाही हे मालकाच्या आधी यांना कळे.

१४/ आणि बैल मेला की? तो ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले होते. जिवंतपणी ज्याची पूजा, त्याच्या मृतदेहाला हात लावणे मालकाला विटाळाचे. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ढोरे ओढण्याचे काम नाकारण्याची चळवळ उभी राहिली. 'आम्ही बैलाला घरचा माणूस मानत होतो', असे लिहिणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर द्यावे : घरच्या माणसाला शेवटचा खांदा कोण देतो?

१५/ आता चारा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे त्यांचे डोळे लागले. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. हे सर्व आपण शाळेत 'प्रगती' या शीर्षकाखाली वाचले. गोठ्यातून पाहिले तर काय दिसते?

१६/ ज्वारीचे शेत माणसाला भाकर देते आणि बैलाला कडबा. कपाशीचे शेत पैसा देते, पण त्याची पऱ्हाटी चुलीत जाते. कपाशीचा पेरा वाढतो तसा गावातला कडबा आटतो. बैलाच्या बळावर पिकवलेले पीकच बैलाचे ताट आखूड करते.

१७/ उरली सरकी. रेचीवर, म्हणजे हातयंत्रावर, कापसापासून सरकी गावातच वेगळी निघे तेव्हा ती गावातच राही. वाफेवर चालणारे जिनिंग कारखाने शहरांत आले आणि कापूस बियांसकट बैलगाडीत बसून निघाला. सरकी आता कारखान्याच्या आवारात पडू लागली, तेथून तेलघाण्यांकडे आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बंदरातून परदेशीही. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातली सरकी ढेपेच्या रूपात विकत घ्यावी लागली.

१८/ तिसरी गोष्ट, रान. जंगले राखीव झाली, चराईवर शुल्क बसले, पडीक जमीन लागवडीखाली आली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस, दुष्काळ आणि मध्य भारतातील गुरे यांवर केलेले संशोधन याच प्रक्रियेचा माग घेते. इम्पीरियल गॅझेटियर वऱ्हाडी बैलांचे उमरडा आणि खामगाव असे दोन प्रकार नोंदवते. अकोल्याचे जिल्हा गॅझेटियर १९१० चे, अमरावतीचे १९११ चे. जनावरांची नोंद ठेवणारे हेच राज्य त्यांचे चरण्याचे रान आखडत होते.

१९/ मग १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ. दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाडात चारा आणि पाणी दोन्ही संपले, गुरे मोठ्या संख्येने मेली. ज्या माणसाने खांदशेकणी केली होती, त्यालाच दावे सोडून द्यावे लागले. त्याची माया कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? कमी पडला तो कडबा.

२०/ 'सगळे इंग्रजांच्या माथी मारणे सोपे', असे कोणी म्हणेल. मान्य, म्हणून पुढे पाहू. गेल्या काही दशकांत वऱ्हाडातील ज्वारी सोयाबीनने हटवली. सोयाबीनचे कुटार कडब्याची बरोबरी करीत नाही. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि नगदी पिकाची ओढ आणखी घट्ट झाली. ट्रॅक्टर आला. इंग्रज जाऊन पाऊण शतक झाले, पण पिकाची निवड गोठा रिकामा करते, हे गणित तेच राहिले.

२१/ रानाचेही तेच. वऱ्हाडच्या महसुली भाषेत गुरचराईच्या जमिनीला आजही 'ई-क्लास' म्हणतात. आपल्या गावची ई-क्लास जमीन किती आहे, तीवर कोणाचे अतिक्रमण आहे आणि किती इमारती उभ्या आहेत, हे विचारून पाहा. पोळ्याला बैलासमोर हात जोडणारे किती जण ग्रामसभेत या जमिनीसाठी तोंड उघडतात?

२२/ मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. तिच्या बाजूने वा विरुद्ध आपले मत काहीही असो, एक हिशेब टळत नाही : म्हातारा बैल रोज खातो. कायद्याने त्याला जगण्याचा हक्क दिला असेल, तर त्याच्या कडब्याचा खर्च कोणाच्या खिशातून? तो दोन एकरांच्या शेतकऱ्यावर सोडून उरलेल्यांनी पुण्य वाटून घ्यायचे, हा व्यवहार जुन्या गावगाड्याला शोभेल असाच आहे.

२३/ याच मोजपट्टीने आजच्या पाळीव प्राण्यांच्या मालकांनाही तपासावे. सकाळी कुत्र्याला फिरवतो कोण, त्याची घाण उचलतो कोण, मांजराचा वाळूचा डबा साफ करतो कोण? घरकामाच्या बाई करीत असतील आणि छायाचित्रात मात्र आपणच असू, तर सालदार आणि पाटील यांची जोडी सदनिकेत राहायला आली, एवढेच.

२४/ तरीही मी या तरुणांच्या बाजूचा आहे. मांजराला दूध सोसत नाही, कुत्र्याला चॉकलेट आणि मनुका विषासारख्या, हे ते एकमेकांना सांगतात. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत प्राणी घेऊन रांगेत उभे राहतात. निरीक्षण करणे, खुराक मोजणे, आजार ओळखणे, शिकलेले दुसऱ्याला सांगणे : आखरावर ढोरकी आणि गोठ्यात सालदार हेच करीत. वारसा म्हणायचाच, तर तो येथे आहे. बैलाचे चित्र चिकटवून इतरांना हिणवणाऱ्याकडे तो नाही.

२५/ म्हणून यंदा पोळ्याचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हा बैल वर्षभर काय खातो? ते येते कोठून? आणि त्याच्यासमोर ते टाकतो कोण? ज्या मजकुरात या तिन्हींची उत्तरे नाहीत, त्याला इतिहास म्हणू नका.

२६/ शेवटी एक विनंती. पूर्णाकाठच्या म्हशीपासून बांधावरच्या कुत्र्यापर्यंत कोणाला, कोणत्या महिन्यात, काय खाऊ घालीत, हे आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्याहून चांगले, गावात कोणी जुना सालदार किंवा ढोरकी हयात असेल तर त्याला विचारा. शब्द त्यांच्याच बोलीत टिपा, गावाचे नाव लिहा आणि या धाग्याखाली द्या. गॅझेटियरात हे रकाने रिकामे आहेत, आणि ते भरू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.