शिक्षणाचे खाते कामगाराच्या नावावर हवे!

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली, त्याचे हे स्मरण. या गर्दीत बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुऱ्याचे कंत्राटी कामगार असतात. कोणी कोळसा खाणीत, कोणी वीज केंद्रात, कोणी सिमेंट कारखान्यात राबणारा. गडचिरोलीचे तेंदूपत्ता आणि बांबू तोडणारे मजूरही असतात. हा बाप पोरासाठी पुस्तक विकत घेतो. पण त्याचे स्वतःचे शिक्षण दहावी-आयटीआयवर अडकले, त्याचे काय? "शिका" हा बाबासाहेबांचा आदेश केवळ पोरांसाठी होता काय?

खाणीत मोठी यंत्रे आली, तरी आमचा माणूस हेल्परच राहिला. मायनिंग सरदार, ओव्हरमन व्हायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी फी हवी, पुस्तके हवीत, अभ्यासाला रजा हवी. कंत्राटी कामगाराचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची चूल विझते. म्हणून तो शिकत नाही. त्याला अक्कल नाही म्हणून नव्हे!

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी राखला गेला. पुढे १९४७ च्या कायद्यात शिक्षणाच्या सोयींचाही स्पष्ट उल्लेख आला. कोळसा ज्याच्या घामाने निघतो, त्याच्या उन्नतीचा खर्च त्या कोळशातूनच निघाला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. ती मालकाची दया नव्हती. हा कायदा १९८६ साली रद्द झाला.

आज काय आहे? महाराष्ट्र कामगार कल्याण निधीत २०२४ पासून दर सहा महिन्यांना कामगार २५ रुपये आणि मालक ७५ रुपये भरतो. त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे चांगलेच आहे. पण मालकाचे वर्षाचे दीडशे रुपये म्हणजे महिन्याला साडेबारा रुपये! भविष्य निर्वाह निधीतून शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण ती म्हातारपणाची भाकरी आहे. ती आजच मोडून शिकायचे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात पुन्हा कौशल्य शिकण्यासाठी निधी आहे. कामगाराची छाटणी केली, तर मालकाने पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम त्याच्यासाठी भरायची. म्हणजे आधी हाकलायचे आणि मग शिकायला सांगायचे. याला आग लागल्यावर विहीर खणणे म्हणतात. शिवाय कंत्राट संपले आणि नूतनीकरण झाले नाही, तर ती कायद्याच्या भाषेत छाटणीच ठरत नाही. मग आमच्या कंत्राटी बांधवाच्या पदरी काय पडणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक कामगाराच्या नावाने शिक्षण-प्रशिक्षणाचे स्वतंत्र बचत खाते उघडा. कामगाराने एक रुपया टाकला तर मालकाने तीन टाकावेत. कल्याण निधीत हेच प्रमाण आजही आहे. फक्त किमान वेतनावर जगणाऱ्याचा रुपयाही मालकानेच भरावा, कारण त्याच्याकडे वाचवायला काहीच उरत नाही. जबाबदारी मूळ कंपनीची असावी. ठेकेदार दरवर्षी बदलतो, गेट मात्र तेच राहते. पीएफचा युएएन क्रमांक जसा कामगारासोबत फिरतो, तसे हे खातेही फिरावे. काय शिकायचे हे कामगार ठरवील, आणि परीक्षेच्या काळात त्याला पगारी रजा मिळेल. या खात्याचे निमित्त करून सरकारने भारत सरकार शिष्यवृत्तीतून अंग काढून घेता कामा नये, हेही आम्ही बजावून ठेवतो.

मालकांना हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीच्या कोनसरी येथे लॉइड्स मेटल्सच्या कामगारांना मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कंपनीचे शेअर दिले गेले. शेअर देता येतात, तर शिक्षणाचे खाते का उघडता येत नाही? शेअरचा भाव बाजार ठरवतो. शिकलेली विद्या मात्र कोणताही बाजार पाडू शकत नाही.

आणि जेथे मालक आपणच आहोत, तेथे आपण काय करतो? मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आज जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात. त्यांनी प्रत्येक हंगामाच्या कमाईतून ठरावीक वाटा तोडणाऱ्या मजुराच्या शिक्षणासाठी बाजूला काढावा. आधी आपण करून दाखवू, मग कंपनीच्या दारात ताठ मानेने उभे राहू.

येत्या धम्मचक्र अनुवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जमणाऱ्या कामगार संघटनांनी हा एक ठराव घ्यावा. पोराच्या हाती पुस्तक देणाऱ्या बापाच्या हातीही पुस्तक आले, तरच तो आदेश पुरा होईल. जयभीम!