कावसजीचे नाक आणि ते २५ दिवस

नाकावरील त्वचेचा कर्करोग कापून काढल्यावर उरलेली जखम मोठी असेल, तर शल्यविशारद आजही कपाळाकडे वळतात. तेथील त्वचेची पट्टी भुवईजवळ जोडलेलीच ठेवून खाली फिरवतात आणि नाकावर शिवतात. मित्रहो, या शस्त्रक्रियेच्या इतिहासातले एक ठळक पान पुण्याचे आहे. ते आपण अर्धेच वाचतो, अशी माझी तक्रार आहे.

हकीकत परिचित आहे. कावसजी हा इंग्रजी सैन्यातला बैल हाकणारा. (नाव पारशी वाटते, पण वृत्तांत त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो.) १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला; तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तसाच गेल्यावर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तांत छापला, १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने तेथे याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली.

हे सांगताना आपला सारा भर कापण्यावर असतो: मेणाच्या पातळ पत्र्याने घेतलेले माप, कपाळावर आखलेली रेघ, सुरी. मला त्यानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पाच-सहा पट्ट्या, एकावर एक. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणेच पडायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, कारण भरणारी जखम आकसते आणि वाट बुजते. दोन डोळ्यांमधला त्वचेचा दुवा मात्र सुमारे २५व्या दिवशी कापायचा. तोवर नाकाच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या त्या त्वचेत शिरलेल्या असतात. घाई केली तर ती काळी पडून मरते. आजही साधारण तीन आठवडे थांबतात. कपाळाची जखम वरच्या टोकाला मिटत नसेल, तर पुष्कळदा ती उघडीच ठेवून मलमपट्टीखाली ओलसर राखतात. ती तळातून आपली आपण भरत येते.

‘हे सारे सुश्रुतसंहितेत होतेच’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. पण सुश्रुतसंहितेत पानाच्या मापाने गालाची त्वचा घेतली आहे, कपाळ नाही. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी जागा बदलली, जखमा पाहिल्या, दिवस मोजले. ते ज्ञान हातांत होते, आणि ते हात पंडितांचे नव्हते.

वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे. पाहणाऱ्या क्रुसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांचीही नावे आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाही. जेम्स वेल्सने काढलेले कावसजीचे चित्र पुढच्या वेळी शेअर कराल, तेव्हा खाली सुश्रुताबरोबर ‘पुण्याजवळचा एक वीटकरी’ एवढे तरी लिहा.