तारांचा मार्ग कोणी ठरवायचा?

गोव्याला वीज हवी, याविषयी वाद नाही; वाद आहे तो मार्गाचा. ४०० किलोव्होल्टची नवी वाहिनी मोलेच्या अभयारण्यातून नेण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने एप्रिल २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, हिरवा कंदील दाखवला. जनता उठली. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलात नवा पट्टा न तोडता जुन्याच वाहिनीचा मार्ग धरण्यास सांगितले. म्हणजे पर्याय होता. तो स्वीकारण्याची निकड नियोजनकर्त्यांना भासली नव्हती, एवढेच! वनराई कागदावर हेक्टरांत मोजली जाते; तिच्या आधारे जगणारी माणसे त्या हिशेबात येत नाहीत. म्हणून मनोऱ्यांची जागा ठरण्यापूर्वीच सर्व पर्याय ग्रामसभेपुढे आले पाहिजेत. ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव न्यावी.