हौसेला मोल असते!

"आमचं काही मागणं नाही. अंगठी तेवढी हिऱ्याची असू द्या. चारचौघांत बरं दिसतं, इतकंच."

मागच्या वर्षी आमच्या ताईच्या लग्नाच्या बैठकीत मुलाचे काका अगदी सहज हे बोलून गेले. बाबांनी मान डोलावली. हुंडा नाही, मानपान नाही. मग एका अंगठीला नाही कसे म्हणायचे? आठ दिवसांत त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले आणि आम्ही सगळे सराफाच्या दुकानात गेलो.

तिथे माझ्या ज्ञानात बरीच भर पडली. आपण दागिन्यासाठी बावीस कॅरटचा आग्रह धरतो, पण ते सोने मऊ. हिरा घट्ट धरून ठेवायचा तर बहुधा अठरा कॅरटच घेतात, म्हणजे हजारात ७५० भाग सोने आणि बाकी इतर धातू. हिऱ्याचा कॅरट आणखी निराळा! तो शुद्धतेचा नव्हे, वजनाचा. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. शिवाय रंग, पैलू आणि आतले डाग यांवर भाव ठरणार. सराफ भिंगातून दाखवीत होता आणि बाबा "हो, हो" म्हणत होते. त्यांना काय दिसत होते, देव जाणे! मला मात्र त्यांच्या खिशातला पतपेढीचा कागद दिसत होता.

मी विचारले, "उद्या मोडायची वेळ आली तर?" सराफ प्रामाणिक निघाला. सोन्याचे वजनाप्रमाणे मिळेल, घडणावळ जाईल, पण हिऱ्याचे दिलेले पैसे परत येतील अशी आशा धरू नका, म्हणाला. आमच्या आजीने पाटल्या मोडल्या, म्हणून बाबा पदवीधर झाले. या अंगठीवर कोणाचे शिक्षण होणार नाही.

मग ही हिऱ्याची अट आली कुठून? गोवळकोंड्याचे हिरे जगभर गेले हे खरे, पण आपले लग्न अंगठीवाचून अडत नाही. ज्या विवाहात सप्तपदी असते, तो सातव्या पावलाला पूर्ण होतो, असे १९५५ चा हिंदू विवाह कायदाच सांगतो. हिऱ्याचा प्रेमाशी जो संबंध आज आपण गृहीत धरतो, तो बराचसा जाहिरातीने जोडला. डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी अमेरिकेतल्या फ्रान्सिस गेरेटी नावाच्या जाहिरात-लेखिकेने १९४७ साली 'हिरा चिरंतन असतो' अशा अर्थाची ओळ लिहिली. त्या ओळीलाच आपण परंपरा समजून बसलो!

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. मीही हौसेच्या विरुद्ध नाही. दोघांनी मिळून, आपल्या कमाईतून, हॉलमार्क पाहून अंगठी निवडावी. प्रयोगशाळेत घडवलेला हिराही हिराच असतो आणि तो पुष्कळ स्वस्त मिळतो. तो घ्यावा, नाहीतर सोन्याचे साधे वळे घ्यावे. पण हौस एकाची आणि मोल दुसऱ्याने मोजायचे, ही कसली हौस? मनाने दिली ती भेट. लग्नासाठी मागून घेतला तो, १९६१ च्या कायद्याप्रमाणे, हुंडा. मग त्याला अंगठी म्हणा की आणखी काही.

आमचे दाजी कारखान्यात यंत्रावर काम करतात. तिथे हातात अंगठी घालायला मनाई आहे. त्यामुळे ती ताईच्या कपाटात असते. बाबांचा हप्ता मात्र दर महिन्याला नेमाने जातो. आणि बाबांना अजून एक मुलगी आहे. ती म्हणजे मी!

मित्रांनो, दोन-चार वर्षांत तुमच्याही बैठका होतील. तुमचेही कोणी काका असेच सहज बोलून जातील. आमचे दाजी वाईट मनाचे नाहीत. त्या दिवशी ते फक्त गप्प बसले होते. तुम्ही तेवढे गप्प बसू नका.