पॉलिश कुणी केलं, ते आधी सांगा

जुन्या लष्करी रायफलींच्या बाजारात ‘ओरिजिनल’ म्हटलं की लोकांचा खिसा सैल होतो आणि ‘रिफिनिश्ड’ म्हटलं की नाकं मुरडली जातात. इथे ओहायोत गन-शोला गेलं की हे हटकून दिसतं. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे असेल, पण मला आधी विचारावंसं वाटतं : पॉलिश केलं कुणी आणि कधी?

जर्मन कार-९८के घ्या. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी या रायफली ढिगाने जप्त केल्या. मग त्या खोलून पुन्हा ब्ल्यूइंग केलं, हाताला येईल तो बोल्ट बसवला, त्यावर विजेच्या लेखणीने नंबर खरवडला आणि लाकडाला शेलॅक फासलं. अनेकींच्या रिसीव्हरवर ‘एक्स’चा ठसाही मारला. सोवळे संग्राहक अशा रायफलीला हात लावत नाहीत. मी म्हणतो, ही अस्सलच आहे. जर्मनीत घडली, रशियाने जिंकली, शीतयुद्धभर कोठारात ग्रीस माखून पडून राहिली. तिच्या अंगावर हे सगळं वाचता येतं. पातेल्याला कल्हई केली म्हणून ते पातेलं खोटं ठरत नाही. सगळे नंबर जुळणारी, एखाद्या सैनिकाने युद्धावरून थेट घरी आणलेली रायफल कितीतरी महाग असणार, ते रास्तच आहे. तशा उरल्यात किती!

माझा राग आहे तो गॅरेजमधल्या कारागिरीवर. कारखान्याचा छाप ठशाने दाबलेला असतो, त्याची कड नखाला लागते. बफिंग चाकावर धरलं की ती कड लोळते आणि स्क्रूच्या भोकांची तोंडं खोलगट होतात. लाकूड तर लगेच चहाडी करतं. दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीपाशी बोट फिरवा. मूळ लाकूड पट्टीपेक्षा केसभर वर असतं, सँडपेपर मारलेलं खाली गेलेलं असतं. त्या भुश्याबरोबर तपासनिसाचा शिक्काही जातो, आणि तो कुठल्याही किमतीला परत येत नाही. कारखान्यातही बफ लागतोच, पण तिथे केलेल्या कामाची खूण मागे राहते. गॅरेजवाला तीच तर पुसतो.

अमेरिकन एम-१ गॅरँडचा न्याय आणखी वेगळा. युद्धानंतर बहुतेक गॅरँड शस्त्रागारांत पुन्हा बांधल्या गेल्या, त्यामुळे १९४२ सालची, हात न लागलेली रायफल शोधणं म्हणजे नशिबाचा खेळ. इथल्या कॅम्प पेरी या लष्करी तळावर सरकारी साठ्यातल्या गॅरँड प्रतवारी लावून विकतात. तिथे नवा अक्रोडी दस्ता आणि नवं फिनिश असलेली ‘स्पेशल’ प्रत, वापराने झिजलेल्या ‘सर्व्हिस’ प्रतीपेक्षा महाग असते. नेमबाजाला सरळ गोळी हवी, इतिहास नको. त्यात फसवणूक नाही, कारण काय केलंय ते विकणाराच सांगतो.

आणि आपली इशापूरची थ्री-नॉट-थ्री. महाराष्ट्रात पोलिसाच्या खांद्यावर ती कुणी पाहिली नसेल? लष्करी बोअर असल्याने भारतात ती सामान्य माणसाला मिळत नाही, शिकाऱ्यांसाठी इशापूरने .३१५ काढली ती त्याचमुळे. अमेरिकेत मात्र भारतीय साठ्यातल्या या रायफली स्वस्तात आल्या आणि ‘खटारा’ म्हणून बदनाम झाल्या. का, तर पुढच्या लाकडात आडवा स्क्रू, काहींच्या लोखंडी भागांना काळा रंग, काहींना तांब्याची तार गुंडाळलेली. पण स्क्रू लाकूड फाटू नये म्हणून होता आणि तार ग्रेनेड फेकणाऱ्या रायफलीला बळकटी द्यायला. आणि काहींवर दिसणारं ‘एफटीआर’ म्हणजे कारखान्यात केलेली संपूर्ण दुरुस्ती. ती अक्षरं आणि साल धातूवर कोरलेलं असतं. इतका चोख हिशेब दुसरी कुठली जुनी वस्तू देते?

परवा एका विक्रेत्याने मला अशीच एक दाखवली. काळा रंग खरवडून, स्क्रूचं भोक बुजवून, तेल पाजून तकतकीत केलेली, आणि चिठ्ठीवर ‘पहिलं महायुद्ध, ब्रिटिश, ओरिजिनल’. किंमत शेजारच्या काळ्या रायफलीच्या दुपटीहून जास्त. मी काळीचीच घासाघीस सुरू केली.