वन कोणाचें, राखणार कोण ?

वनाच्या नाशाचा प्रश्न निघाला कीं दोष शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीस देण्याची वहिवाट पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्यास हक्क नाहीं, त्यास राखणीची काळजी कोठून असणार ?

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा हें गांव पाहावें. १९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या धरणांत जिल्ह्याचें अरण्य बुडण्याचा प्रसंग आला, तेव्हां विरोधास उभें राहिलेल्यांत हें गांव होतें. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर त्याच्या ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने हातीं पडण्यास २०११ साल उजाडलें. पुढें बांबू विकला तो ग्रामसभेनें, आणि वन राखलें तेंही तिनेंच.

या कायद्यानें निस्ताराचा हक्क नांवानिशीं मान्य केला आहे. म्हणून नागपूरकडील वनालगतच्या गांवांनीं जुन्या निस्तारपत्रकाच्या व वाजिब-उल-अर्जाच्या नकला काढून ग्रामसभेमार्फत दावा दाखल करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. मात्र त्याच सभेंत राखणीच्या पाळ्याही लावाव्या. कागदावर हक्क आणि रानांत नुसते बुंधे, अशी स्थिति झाल्यास दोष देणारेच खरे ठरतील.